आईचा मसुदा आणि बाबांचा गुडघा

हवामानाच्या बाबतीत माझा शब्द म्हणजे शब्द! मी सांगितलं ऊन पडेल, की ऊन पडतं. कधी त्याच दिवशी पडतं, कधी त्याच आठवड्यात पडतं, पण पडतं!

मी विभागीय हवामान कार्यालयात अंदाज लिहितो. दोन वर्षं झाली. माझे बाबा त्याच कार्यालयात चौतीस वर्षं निरीक्षक होते. रोज सकाळी साडेआठ वाजता अंगणात जायचं, पर्जन्यमापकातलं पाणी मोजायचं, वहीत लिहायचं. पाणी नसेल तर ‘शून्य’ लिहायचं. शून्यसुद्धा ते नीट वाकून, डोळ्यांसमोर धरून मोजायचे. कार्यालयात त्यांना सगळे ‘मिलीमीटर’ म्हणतात. या हिवाळ्याच्या शेवटी मिलीमीटर निवृत्त झाले, आणि घरी आल्यावर पहिल्याच सकाळी साडेआठ वाजता गच्चीत जाऊन वाकले. त्यांनी स्वतःच्या पैशाने पर्जन्यमापक घेतला होता. आईला वाटलं होतं, फुलदाणी आणली!

आता आईबद्दल. आई घरीच शिवणकाम करते. लग्न झालं त्या वर्षी तिने स्वतःसाठी एक मोठ्या काठाची टोपी शिवली. गावाबाहेरच्या तळ्यावर होडीत बसायला. पण त्या सुट्टीला बाबांना ड्युटी लागली. पुढच्या सुट्टीलाही लागली. लोकांना सुट्टी असली की हवामानवाल्यांना काम असतं. लोक एरवी आकाशाकडे बघतही नाहीत. टोपी खोक्यात गेली. दर तीन-चार वर्षांनी आई तिची रिबीन बदलते. टोपी मात्र अजून उन्हात गेलेली नाही. आमच्या घरातली सर्वांत गोरी व्यक्ती म्हणजे ती टोपी.

आणि या वर्षी वसंत संपता संपता शनिवार, रविवार, सोमवार अशी सुट्टी जोडून आली. बाबा रिकामे! आईने महिनाभर आधी सात नंबरची होडी सांगून ठेवली. शनिवार, सकाळी अकरा. सातच का? कारण तिच्या मते बाकीच्या होड्या हसल्यासारख्या दिसतात.

सगळं ठरलं. आणि बुधवारी जेवताना बाबांनी पान पुढे सरकवलं, टेबलाखाली हात नेला, गुडघा चोळला आणि म्हणाले, “शनिवारी दुपारी तीननंतर पाऊस आहे.”

आईचा घास हातातच राहिला.

“कशावरून?” मी विचारलं.

“गुडघा.”

“बाबा, मी आजच सगळे नकाशे बघून आलोय. शनिवारी ढगाचा तुकडासुद्धा नाही!”

“नकाशाला गुडघा असतो का?” बाबा म्हणाले आणि हात धुवायला गेले.

आई उठली, भांडी आवरली, आणि टोपीचं खोकं कपाटावर होतं ते आणखी आत ढकललं.

इथे मला बोलायला नको होतं. पण मी तरुण आहे, शास्त्रीय वृत्तीचा आहे. “आई,” मी म्हणालो, “अजिबात काळजी करू नकोस! हा शनिवार माझ्याकडून तुला भेट!”

बाबांच्या गुडघ्याचा माझा चांगला अभ्यास आहे. आई जुनी कॅलेंडरं टाकत नाही. चौतीसच्या चौतीस कपाटात आहेत. प्रत्येक जोडून आलेल्या सुट्टीवर तिने लहानशी होडी काढलेली असते. आणि होडीवर काट मारून शेजारी लिहिलेलं असतं: ‘गुडघा’. मी त्या तारखा कार्यालयातल्या नोंदींशी ताडून पाहिल्या. एकोणीस वेळा गुडघ्याने पाऊस सांगितला. एकोणीसही वेळा ठणठणीत ऊन! एरवी आठवड्यातल्या साध्या दिवशी हाच गुडघा आमच्या कार्यालयापेक्षा बरा चालतो. फक्त सुट्टी आली की बिघडतो. मी या प्रकाराला ‘सुट्टीचा सांधेदोष’ असं नाव दिलं आणि स्वतःवर खूश झालो. कारण शोधायच्या भानगडीत मी पडलो नाही. नाव दिलं की माझ्या पेशात काम संपतं.

गुरुवारी मी सुट्टीचा अंदाज लिहायला बसलो. आता आमच्या कार्यालयाची एक पद्धत सांगितली पाहिजे. आमच्या मोठ्या मॅडम म्हणतात, “अंदाज आधी आईला सांगतोस तसा लिही. आईला कळला तर जगाला कळतो. मग त्याचा सरकारी कर.” म्हणून आम्ही प्रत्येक जण पानाच्या वरच्या अर्ध्या भागात ‘आईचा मसुदा’ लिहितो आणि खालच्या अर्ध्यात सरकारी मजकूर. पाठवताना वरचा अर्धा पुसायचा, खालचा पाठवायचा. पद्धत उत्तम आहे. माझ्या शेजारच्या टेबलावरचा सहकारी तर रोज लिहितो, “आई, कपडे बाहेर वाळत घाल, आणि माझ्या लग्नाचा विषय काढू नकोस.” त्याचे अंदाज फार स्पष्ट असतात.

मी वरती लिहिलं:

‘आई, शनिवारी मजेत जा. आकाश स्वच्छ आहे. तळ्यावर वारा सुटेल, म्हणून बाबांना स्वेटर घालायला लाव. नको म्हणतील. लाव. छत्री अजिबात नेऊ नकोस. बाबा सांगतील पाऊस येणार, गुडघा दुखतोय. त्यांचं ऐकू नकोस. त्यांचा गुडघा सुट्टीच्या दिवशी आजवर एकोणीस वेळा चुकलाय. बरोबर अकरा वाजता सात नंबरची होडी. टोपी घाल. छान दिसतेस.’

आणि खाली लिहिलं: ‘विभागात बहुतांश ठिकाणी आकाश निरभ्र राहील’ वगैरे वगैरे, अकरा ओळी. मग मी एक अर्धा पुसला आणि एक अर्धा पाठवला. रेडिओला, वर्तमानपत्रांना, तळ्याच्या कचेरीला, सगळीकडे. हात झटकले आणि चहा प्यायलो.

संध्याकाळी सात वाजता आम्ही तिघं रेडिओ लावून बसलो. रेडिओवर अंदाज वाचणारे निवेदक म्हणजे आवाज कसा, रिकाम्या विहिरीत पिंप सोडल्यासारखा! हा माणूस पूर आणि सर्दी एकाच गांभीर्याने सांगतो. समोर कागदावर येईल ते वाचायचं, हा त्यांचा तीस वर्षांचा नेम.

“विभागीय हवामान कार्यालयाकडून,” निवेदक म्हणाले. थोडे थांबले. मग त्याच आवाजात: “आई. शनिवारी मजेत जा.”

आईने मशीन थांबवलं.

“बाबांना स्वेटर घालायला लाव. नको म्हणतील.” इथे त्यांनी खोल श्वास घेतला. “लाव.”

मी रेडिओचा कान पिरगाळायला धावलो. बटण हातात आलं, रेडिओ चालूच!

“त्यांचं ऐकू नकोस. त्यांचा गुडघा सुट्टीच्या दिवशी आजवर एकोणीस वेळा चुकलाय.”

बाबा हळूच माझ्याकडे वळले. चौतीस वर्षांत ज्या माणसाने अर्धा मिलीमीटरही इकडचा तिकडे होऊ दिला नाही, त्याचा गुडघा सगळ्या विभागाला माहीत झाला होता.

“टोपी घाल,” निवेदक म्हणाले. “छान दिसतेस. सागरी अंदाज पुढे.”

मी हातातलं बटण परत रेडिओला बसवायला लागलो.

“बाबा, मी... वरचा अर्धा...”

“एकोणीस?” बाबा म्हणाले. “मोजलेस?”

“हो.”

“नीट मोजलेस.” एवढंच म्हणाले आणि आत जाऊन झोपले. सव्वासात वाजता! बाहेर अजून उजेड होता.

शुक्रवारी सकाळी तो मजकूर तीन वर्तमानपत्रांत छापून आला. एकाने चौकटीत. मी कार्यालयात पोचलो तेव्हा मॅडमच्या टेबलावर फोन एकापाठोपाठ एक वाजत होते.

“मॅडम, राजीनामा लिहू का?”

“बस,” मॅडम म्हणाल्या. “एक बाई फोन करून रडल्या. म्हणाल्या, आम्हाला छान दिसतेस असं म्हणून बावीस वर्षं झाली होती, हवामानवाल्यांचे आभार मानायचेत. मी काय उत्तर देऊ?”

“आभारी आहोत म्हणा.”

“म्हटलं. मग आणखी तिघींनी केला. पाचवा फोन एका वडिलांचा होता. ते म्हणाले, आमच्या गुडघ्याचीही सरकारी चौकशी होणार का?”

“मॅडम, आपण अंदाज मागे घेऊ!”

“प्रसारित झालेला अंदाज मागे घेता येत नाही. नियम आहे.” मॅडमनी नियमांचं पुस्तक उघडून माझ्याकडे फिरवलं. “फक्त शब्दाची दुरुस्ती देता येते. एका वेळी एका शब्दाची.”

“मग ‘आई’ हा शब्द बदलू. तीच खरी अडचण आहे.”

मॅडमनी विचार केला. मीही केला. दोघांनी मिळून विचार केला हे मुद्दाम सांगतो, कारण नंतर त्या म्हणाल्या की मी एकट्याने केला. दुपारी बारा वाजता दुरुस्ती गेली: ‘कालच्या अंदाजात “आई” या शब्दाऐवजी “नागरिक” असे वाचावे.’

निवेदकांनी सगळा अंदाज पुन्हा वाचला, आणि नागरिकांना अरेतुरे करणं बरं दिसत नाही म्हणून बाकीची वाक्यं आपणहून सांभाळून घेतली.

“नागरिकांनी शनिवारी मजेत जावे. बाबांना स्वेटर घालायला लावावे. बाबा नको म्हणतील. लावावे. बाबांचे ऐकू नये. नागरिकांनी बरोबर अकरा वाजता सात नंबरच्या होडीत बसावे. टोपी घालावी. नागरिक छान दिसतात.”

मॅडमनी डोकं टेबलावर टेकवलं. काल ही एका घरातली गोष्ट होती. आज ती सरकारी सूचना झाली होती!

संध्याकाळी घरी गेलो तर बाबा गच्चीत. आई मशीनवर बसली होती, पण मशीनमध्ये कापड नव्हतं. नुसतीच सुई वरखाली चालली होती.

“आई, उद्या जायचं ना?”

“नाही रे. होडी नको असं कळवून टाक.”

“माझ्यामुळे? अगं, लोक विसरतील. फार तर दहा-पंधरा वर्षं लागतील.”

“तुझ्यामुळे नाही.” तिने पाय थांबवला. “तुला वाटतं ते एकोणीस वेळा मला माहीत नव्हतं? अरे, ड्युटी आहे हे सांगायला त्यांना जमायचंच नाही. माझं तोंड उतरलेलं बघवायचं नाही. म्हणून गुडघा पुढे करायचे. पाऊस येणार म्हटलं की कुणाचा दोष नाही. आणि दिवसभर लंगडायचे, मला खरं वाटावं म्हणून. सकाळी डावा पाय, संध्याकाळी उजवा! इतकं मनापासून लंगडायचे की मी काय बोलणार? मीच शेक द्यायची.”

माझा ‘सुट्टीचा सांधेदोष’ माझ्या तोंडात विरघळून गेला. त्या एकोणीस तारखा मी कार्यालयाच्या नोंदींशी ताडल्या होत्या. त्या नोंदींखाली निरीक्षकाची सही असते. एकोणीसही ठिकाणी सही बाबांची होती. मी पाऊस पाहिला, सही पाहिलीच नाही!

“मग या वेळी काय झालं?”

“तेच विचारतेय मी. आता ड्युटी कुठं आहे?” आई म्हणाली. “आता मोकळे आहेत. तरी गुडघा. आणि या वेळी तर लंगडायचे कष्टसुद्धा घेतले नाहीत. म्हणजे ड्युटी नुसती निमित्त असेल. माझ्याबरोबर जायचंच नसेल कधी.” तिने दोरा तोडला; तो कशालाच जोडलेला नव्हता. “तसं असेल तर तसं. माणसाला होडी आवडत नाही, असू शकतं.”

मी वर गच्चीत गेलो. बाबा पर्जन्यमापकाशेजारी स्टुलावर बसून पश्चिमेकडे बघत होते. पश्चिमेला काहीही नव्हतं. आकाश असं स्वच्छ की मला अभिमान वाटला.

“बाबा, आई म्हणते उद्या जायचं नाही.”

“का?”

“तुम्ही पाऊस म्हणालात म्हणून.”

“मी पाऊस येणार म्हणालो,” बाबा म्हणाले. “जायचं नाही असं कधी म्हणालो? पाऊस सांगणं हे माझं काम. जायचं की नाही, ते खातं तुझ्या आईचं.”

माझ्या माहितीप्रमाणे हे आमच्या घरातलं सर्वांत मोठं प्रेमपत्र होतं, आणि ते चुकीच्या पत्त्यावर आलं होतं. मी खाली जाऊन आईला शब्दशः सांगितलं. ती म्हणाली, “तू शिकवलंस.” माझी विश्वासार्हता त्या दिवशी एकूणच कमी होती.

पण शनिवारी सकाळी बाबा नऊ वाजताच दाराशी उभे! अंगात स्वेटर. एका हातात छत्री. दुसऱ्या हातात पर्जन्यमापक.

“हे काय?” आईने विचारलं.

“स्वेटर. सरकारी सूचना आहे.”

आईने त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग कपाटावरून खोकं काढलं. उघडलं नाही. काखेत धरलं आणि निघाली. रस्त्याच्या एका कडेने आई, दुसऱ्या कडेने बाबा. मी मधून चालत होतो, दोन देशांमधल्या कुंपणासारखा.

तळ्यावर पोचलो. सगळा विभाग तिथे आला होता! आणि प्रत्येक नागरिकाने बाबा आणले होते. जाडे बाबा, बारीक बाबा, टेकलेले बाबा, सगळे स्वेटरमध्ये. वारा पडला होता. काठावर शंभरेक बाबा उन्हात उकडत उभे होते. छत्री एकाकडेही नव्हती. बायका टोप्या घालून एकमेकींना “छान दिसतेस हो!” म्हणत होत्या. आणि सगळे सात नंबरची होडी मागत होते.

होडीवाले मामा तोंडावर पाणी मारत आमच्याकडे आले. “वहिनी, तुमची अकराची सांगून ठेवलेली होडी मी नाही म्हणत नाही. पण इथे दीडशे माणसं सातची अडून बसलीत! तीन नंबर घ्या म्हटलं तर म्हणतात, रेडिओवर सात सांगितलंय. शेवटी खडू घेतला आणि बाराही होड्यांवर सात लिहिलं.”

“मग सुटला ना प्रश्न?” मी विचारलं.

“बसायचा सुटला. आता मी ओरडतो, सात नंबर, वेळ संपली! तर सगळे एकमेकांकडे बघतात. कुणी परत येत नाही. मघापासून बारा होड्या मध्यावर गोल फिरतायत!” मग ते माझ्याकडे निरखून बघत म्हणाले, “तूच ना तो? आईचा मुलगा?”

गर्दी वळली. “आईचा मुलगा! आणि ते बघा, ते गुडघा!” लोक बाबांभोवती जमले. एकाने अदबीने विचारलं, “आज काय म्हणतोय?”

“तीन वाजून दहा मिनिटं,” बाबा म्हणाले.

लोक हसले. प्रेमाने हसले, पण हसले. “एकोणीस झाले, हा विसावा!” कुणीतरी म्हणालं. बाबांनी स्वेटर खाली ओढला. आईने खोकं छातीशी घट्ट धरलं. आई बाबांच्या शेजारी उभी होती, आणि लोक हसतायत ते तिला आवडलं नाही, एवढं मला दिसलं. बाकी तिच्या चेहऱ्यावर काही लिहिलेलं नव्हतं.

अकराची होडी मिळायला पावणेतीन वाजले. मामांचे दोन्ही वल्हेकरी थकून आडवे झाले होते. “वल्हव तूच,” मामा मला म्हणाले. “केलंयस तू हे सगळं.” म्हणून चौतीस वर्षं वाट पाहून माझे आईबाबा पहिल्यांदा होडीत बसले, तेव्हा त्यांच्या मध्ये घामाघूम होऊन मी बसलो होतो.

बाबांनी पर्जन्यमापक होडीच्या टोकाला उभा केला. पातळी तपासली. होडी हलत होती. त्यांना ते पसंत नव्हतं.

तीन वाजले. आकाश निळंशार. माझा अंदाज चमचमत होता. मला मात्र आयुष्यात पहिल्यांदाच तो बघवत नव्हता.

“अहो,” आई म्हणाली. ती पाण्याकडे बघत होती. “नसेल यायचं तर तसं सांगायचं होतं. गुडघा कशाला?”

“दहा मिनिटं थांब,” बाबा म्हणाले.

“मी रागावत नाही. खरं सांगा.”

“नऊ.”

मी वल्हं मारायचं सोडून आकाशाकडे पाहिलं. देवा, मी म्हणालो, एक ढग दे! लहानसा! माझी नोकरी गेली तरी चालेल, नकाशे खोटे पडू देत, पण या माणसाचा गुडघा खरा कर! हवामान कार्यालयाच्या माणसाने स्वतःचा अंदाज चुकावा म्हणून प्रार्थना करणं नियमात बसतं का, ते पुस्तकात दिलेलं नाही.

तीन वाजून सात मिनिटांनी पश्चिमेच्या टेकडीमागून काहीतरी करडं वर आलं. आधी मांजराएवढं. मग म्हशीएवढं. मग त्याने सूर्य गिळला. आणि तीन वाजून दहा मिनिटांनी पर्जन्यमापकाच्या पत्र्यावर ‘टण्’ असा आवाज आला.

काठावर एकच आरडाओरड! शंभर स्वेटर एकदम भिजले. अकरा सात नंबरच्या होड्या एकमेकींवर आपटत किनाऱ्याकडे सुटल्या. आमची तेवढी मध्यावर राहिली, कारण वल्हं मारणारा आ वासून बसला होता.

बाबांनी छत्री उघडली आणि आईवर धरली. आई छत्रीबाहेर हात काढून पावसाकडे बघत होती.

“अहो... म्हणजे खरंच दुखत होता?”

“मग? चार दिवस जीव खातोय. उजवा.”

“लंगडत नव्हतात तुम्ही!”

“दुखताना कशाला लंगडू? तू जायचं रद्द केलं असतंस.” मग ते थांबले. त्यांच्या लक्षात आलं की त्यांनी काय कबूल केलं होतं. “अगं, ते आधीचे... ते एकोणीस...”

“ड्युटी होती.”

“हो.”

“माहीत आहे मला.”

“माहीत होतं? कधीपासून?”

“पहिल्यापासून. तुम्ही पाय बदलून लंगडायचात.”

बाबांनी आधी डाव्या गुडघ्याकडे पाहिलं, मग उजव्या. “आणि शेक द्यायचीस?” त्यांनी विचारलं.

“ज्या पायाने घरी यायचात, त्या पायाला.”

आई हसायला लागली. आधी तोंड दाबून, मग मोठ्याने, मग डोळे पुसत. एवढं हसून झाल्यावर तिने खोकं उघडलं, टोपी काढली आणि त्या कोसळत्या पावसात ऐटीत डोक्यावर घातली. रिबीन दोन मिनिटांत पाघळली आणि तिचा निळा रंग आईच्या गालावर आला.

“छान दिसतेस,” बाबा म्हणाले. निवेदकापेक्षा पुष्कळ वाईट आवाजात, पण कागदावर न बघता.

मग आईने खाली पाहिलं. छत्री सगळी तिच्यावर. बाबांचा उजवा गुडघा भिजत होता. तिने टोपी काढली, त्यांच्या गुडघ्यावर नीट बसवली आणि काठ दाबला.

“उपकरण कोरडं राहायला हवं,” ती म्हणाली.

माझ्यावर काहीच नव्हतं. मी भिजत वल्हवत होतो आणि मला ते पूर्ण मान्य होतं.

पाऊस अर्धा तास पडला. सहा मिलीमीटर. बाबांनी हलत्या होडीत तीन वेळा मोजला. किनाऱ्यावर ओले बाबालोक ओळीने उभे होते. आमचे बाबा उतरले तशी त्यांनी वाट करून दिली. एक म्हातारे पुढे येऊन म्हणाले, “आमच्या घरातही आता ऐकतील, नाही का?” मामांनी होडीचं भाडं घेतलं नाही. माझ्याकडून वल्ही मात्र पुसून घेतली.

मंगळवारी मॅडमनी पडताळणीचा तक्ता माझ्यासमोर ठेवला. “लिही. कार्यालयाचा अंदाज: कोरडे. प्रत्यक्ष: सहा मिलीमीटर. आता तुझी आई कशी आहे?”

“रिबीन बदलतेय.”

“मग ठीक आहे,” मॅडम म्हणाल्या आणि तक्त्यात एक नवा रकाना आखला. वर काही लिहिलं नाही, पण तो कशाचा हे कार्यालयात सगळ्यांना माहीत आहे. सध्या त्या रकान्याचे गुण माझ्यापेक्षा जास्त आहेत.

आता ही गोष्ट मी तुम्हाला आजच का सांगतोय? पुढच्या आठवड्यात पुन्हा सुट्टी जोडून आलीय. आईने होडी सांगून ठेवली आहे आणि वल्हवायला मलाच यायचंय, असं बाबांनी वहीत लिहून टाकलंय. तिघांची जेवणंसुद्धा ठरलीत. आणि काल कार्यालयात ड्युटीचा तक्ता लागला. शनिवार: माझं नाव.

मी आईला फोन लावला. तिचा आवाज इतका आनंदात होता की माझ्या तोंडून ते निघेचना.

“आई,” मी म्हणालो, “शनिवारचं जरा अवघड दिसतंय. पाऊस येईल बहुतेक. माझा खांदा दुखतोय.”

पलीकडे मशीन थांबलं.

“कुठला खांदा?”

“डावा.”

“सकाळी बाबांना उजवा सांगितलास,” आई म्हणाली. “ड्युटी आहे ना? असू दे. डबा पाठवते. आणि घरी येताना लंगडू नकोस, खांद्याने लंगडत नाहीत!”